प्रत्येक मूव्हला वेगळं पान, की पात्राच्या पानावरच सगळं?

फायटिंग गेमची विकी नव्याने लावायला घेतली की हा प्रश्न लगेच समोर येतो. दोन्ही पद्धतींच्या विकींवर मी संपादनं केली आहेत. माझा कल पुढे कळेलच, पण वेगळ्या पानांची बाजू कच्ची नाही हे आधी सांगतो.

हाडोकेन, म्हणजे हातातून ऊर्जेचा गोळा फेकण्याची मूव्ह, घ्या. १९८७च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासून ही मूव्ह चालत आली आहे, आणि र्‍यू नि केन या दोन्ही पात्रांकडे आहे. तिची सगळी कहाणी र्‍यूच्या पानावर कोंबली तर केनच्या पानावर काय लिहायचं? अशा मूव्हला स्वतःचं पान हवंच. संपादनांचा इतिहास वेगळा राहतो, आणि कोणकोणत्या पानांवरून तिच्याकडे दुवे आलेत तेही नेमकं दिसतं.

पण हाडोकेन हा अपवाद. र्‍यूच्या नुसत्या नॉर्मल, म्हणजे एकेका बटणाच्या, मूव्ह मोजा: सहा बटणं, उभं राहून, बसून आणि उडीत. झाल्या १८. क्राउचिंग मीडियम किक (बसून मारलेली मध्यम लाथ) तर गेममधल्या सगळ्या पात्रांकडे आहे, म्हणजे प्रत्येक शीर्षकापुढे पात्राच्या नावाचा कंस आलाच. टेकन ८ हा दुसरा फायटिंग गेम आला तोच ३२ पात्रं घेऊन, आणि तिथे एकेकाच्या मूव्ह शंभरीपार जातात. तीन हजारांवर पानं, त्यातल्या बहुतेकांवर एक तक्ता आणि दोन ओळी.

तरी पानांच्या संख्येचा मला फारसा त्रास झाला नाही, ती बॉट बनवून देतो. नकोसं झालं ते शीर्षकांमुळे. टेकनचे खेळाडू मूव्हला इनपुटने, म्हणजे दाबायच्या दिशा नि बटणांच्या खुणेने, ओळखतात. काझुया या पात्राच्या 'डी/एफ+२'चं (तिरकं खाली-पुढे आणि २ नंबरचं बटण) अधिकृत नाव अबॉलिशिंग फिस्ट आहे, पण त्या नावाने ती शोधताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मग शीर्षकात इनपुट टाकावं, तर मीडियाविकी, म्हणजे विकी चालवणारं सॉफ्टवेअर, शीर्षकाचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करते. टेकनच्या लिखाणात स्मॉल डी म्हणजे खाली टॅप आणि कॅपिटल डी म्हणजे खाली दाबून धरणं, म्हणजे दोन वेगळी इनपुटं एकाच पत्त्यावर येतात. वरचं शीर्षक दिसायला स्मॉल करता येतं, पण पत्ता तोच राहतो. पात्राचं नाव आधी लावलं की हा घोळ मिटतो, मग स्लॅश आडवा येतो, कारण मीडियाविकीत स्लॅशनंतरचा भाग उपपान मानला जातो. उपपानं चालू असतील तर 'काझुया डी/एफ+२' हे 'काझुया डी' या पानाचं उपपान ठरतं, आणि उपपानाचं नाव उचलणारा साचा (टेम्प्लेट) मथळ्यात नुसतं 'एफ+२' छापतो. स्लॅश काढून टाका म्हणाल, तर जुने संपादक काढतात, नवे पुन्हा घालतात, आणि एकाच मूव्हची दोन पानं उभी राहतात. बॅलन्स पॅच, म्हणजे मूव्हची ताकद-वेग बदलणारा अपडेट, आला की त्यातल्या एकाच पानावरचे फ्रेमचे (मूव्हला लागणाऱ्या वेळेचे) आकडे बदलले जातात. वाचकाला नेमकं दुसरं सापडतं.

पात्राच्या पानावर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे इनपुट हा तक्त्यातला मजकूर असतो, हवा तसा लिहा. पॅचनंतर एक पान उघडायचं, वरून खाली जायचं, जतन करायचं. पान लांबतं हे खरं, फोनवर तर अंगठा दुखतो. दुसरी खोट जास्त चिवट आहे: कुणी विभागाचं शीर्षक बदललं की बाहेरून आलेले दुवे गुपचूप पानाच्या माथ्यावर नेऊन सोडतात, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. त्यावर उपाय म्हणजे शीर्षकावर विसंबायचं नाही, प्रत्येक मूव्हच्या ओळीला स्वतःचा अँकर, म्हणजे दुव्याने थेट गाठता येणारी न बदलणारी खूण, द्यायचा.

ज्या गेममध्ये पात्रागणिक मोजक्या मूव्ह आहेत आणि प्रत्येकीला सर्वांच्या तोंडी असलेलं नाव आहे, तिथे वेगळी पानं कदाचित बरी पडतील. बाकी ठिकाणी मी पात्राच्या पानापासूनच सुरुवात करेन, आणि हाडोकेन किंवा काझुया-हेइहाची या दोन पात्रांकडे असलेल्या इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्टसारख्या सामायिक मूव्हनाच वेगळं पान देईन. उरलेल्या नावाच्या मूव्हसाठी त्या अँकरवर नेणारी पुनर्निर्देशनं (रीडायरेक्ट) पुरतात. 'सगळे लो अटॅक' (पायांवरचे वार) अशी यादी हवी असेल तर वर्ग (कॅटेगरी) त्या पुनर्निर्देशनांनाच लावा, मीडियाविकीला ते चालतं.