रॉक क्रीक पार्कवे : न बुजवलेल्या ओढ्याकाठची वाट

बेळगावच्या शहापूर-वडगाव शिवारात वाढलेल्या माणसाला ओढा म्हटले की आधी बळ्ळारी नाला आठवतो. जलपर्णीने तुंबलेला हा नाला पावसाळ्यात फुगून भातपिकात शिरताना मी लहानपणापासून पाहिला आहे. म्हणूनच मुलीकडे अमेरिकेत राहायला गेलो असताना वॉशिंग्टनमध्ये रॉक क्रीक या ओढ्याकाठून झाडीतून जाणाऱ्या रॉक क्रीक अँड पोटोमॅक पार्कवे या रस्त्याच्या वाटेवर मी लागोपाठ आठ दिवस सकाळी फिरायला गेलो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या ओढ्याचीही कचराकुंडी झाली होती. ओढा मोठ्या नळात बंद करून दरी भरावाने बुजवावी आणि त्यावर रुंद रस्ता काढावा, असे एका बाजूचे म्हणणे होते. दरी उघडी ठेवून, काठ स्वच्छ करून रस्ता ओढ्याच्या वळणांबरोबर तळातून न्यावा, असे दुसऱ्या बाजूचे. उद्यानरचनाकार धाकटे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ज्याचे सदस्य होते, त्या वॉशिंग्टनच्या उद्यानांचा आराखडा करणाऱ्या मॅकमिलन आयोगाने १९०२ मध्ये उघड्या दरीची बाजू घेतली. अमेरिकी काँग्रेसने ४ मार्च १९१३ रोजी मंजुरी दिली आणि काम पुरे व्हायला १९३६ उजाडले. एवढा विलंब लागूनही ओढा वाचला, याचेच मला अधिक मोल वाटते.

पोटोमॅक नदीच्या काठापासून प्राणिसंग्रहालयाकडे जाणारा हा रस्ता जेमतेम चार किलोमीटरचा आहे. शहरातले बरेचसे रस्ते उंच पुलांवरून दरी ओलांडत असल्यामुळे खालच्या वाटेवर चौक फारसे लागत नाहीत. त्यांपैकी क्यू स्ट्रीटचा डंबार्टन पूल मुद्दाम थांबून पाहावा. दोन्ही काठांवरचे रस्ते एका रेषेत येत नसल्याने तो चक्क वळणदार बांधला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना मिळून ब्राँझचे चार बायसन उभे आहेत. त्यांच्या खांद्यांची ठेवण पाहून मला चोर्ल्याच्या रानातला गवा आठवला. पुलाखाली उभे राहिले की डोक्यावर दगडी कमानी, शेजारी पांढुरक्या सालीचे सिकॅमोर वृक्ष आणि दगडांवरून वाहणारे पाणी, एवढेच नजरेत भरते.

दोष मात्र सांगितलेच पाहिजेत. कामाच्या दिवशी सकाळी सगळ्या मार्गिका शहराकडे आणि संध्याकाळी शहराबाहेर अशा एकेरी सोडण्याची पद्धत इथे अनेक वर्षे होती, त्यामुळे निवांत फेरफटक्यासाठी आखलेला रस्ता त्या वेळी कचेरीची वाट होऊन बसे. पायवाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की धावत्या मोटारींचा वारा अंगाला लागतो. शहराच्या जुन्या भागात पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहत असल्याने जोराच्या सरींनंतर घाण आजही ओढ्यात उतरते. अशा दिवशी पाण्याजवळ जाऊ नये.

जायचे तर रविवारी सकाळी जावे. ड्यूपाँट सर्कल मेट्रो स्थानकाच्या क्यू स्ट्रीटकडील दारातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालत गेले की थोड्याच वेळात बायसनांचा पूल लागतो. तो आधी वरून पाहावा आणि मग दरीत उतरावे.