अमेरिकन अभिजात साहित्य आणि युक्तिवादाचा अभ्यास : सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एम.ए.ला अमेरिकन साहित्य आणि युक्तिवादाचं शास्त्र हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवतात. मी ते मुद्दाम एकाच वहीत आणले आणि गेले सात-आठ महिने एकत्रच शिकतेय. अशी जोडी कुणाला करून बघायची असेल तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी साधनांबद्दल. पुस्तकांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातलं बहुतेक सगळं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. मायकेल हार्ट यांनी 4 जुलै 1971 रोजी तिथला पहिला मजकूर टाइप केला, तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा. तिथे टिपा मात्र मिळत नाहीत, त्यामुळे टिपांची एखादी छापील प्रत लायब्ररीतून आणून शेजारी ठेवावी. युक्तिवादासाठी मी ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958 साली मांडलेली चौकट वापरते. दावा काय आहे, त्याला पुरावा काय दिला आहे, आणि या पुराव्यावरून त्या दाव्यापर्यंत जायची मुभा देणारं गृहीतक कोणतं, हे बघायचं. पाठबळ, मर्यादा आणि अपवाद असे आणखी तीन भाग आहेत, पण रोजचं काम पहिल्या तिघांवर भागतं. त्यातही खरी मेहनत गृहीतकासाठी पडते, कारण ते बहुधा लिहिलेलंच नसतं.

सुरुवात 1776 च्या जाहीरनाम्यापासून करा, त्याची मांडणी आरशासारखी स्वच्छ आहे. सरकार लोकांच्या हक्कांसाठी असतं, ते हक्कच तुडवू लागलं तर ते बदलायचा लोकांना अधिकार आहे. इंग्लंडच्या राजाने तेच केलंय, ही त्याची यादी. म्हणून आम्ही वेगळे होतो. बस्स. त्याला लागूनच न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रीहक्क परिषदेत मांडलेला 1848 चा जाहीरनामा वाचा. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी त्यात तोच साचा उचलला, ‘सर्व पुरुष समान’ या वाक्यात स्त्रियांना आणलं आणि आरोपीच्या पिंजऱ्यात राजाऐवजी पुरुषाला उभं केलं. ज्याला पहिला जाहीरनामा पटला, त्याला दुसरा नाकारायचा तर कारण द्यावं लागतं.

या अभ्यासाचं सगळ्यात मोठं देणं मला फ्रेडरिक डग्लसच्या भाषणात मिळालं. 5 जुलै 1852, न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर. गुलामगिरीतून पळून आलेला हा माणूस स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी श्रोत्यांना विचारतो, की गुलामाला तुमच्या चार जुलैचं काय? मग म्हणतो, गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करायला हवं का? ते तर तुमच्या कायद्यांनीच कबूल केलं आहे. व्हर्जिनियात बहात्तर गुन्हे असे, की ते काळ्या माणसाने केले तर मृत्युदंड, आणि त्यातल्या फक्त दोनच गुन्ह्यांसाठी गोऱ्याला तीच शिक्षा. दक्षिणेत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवण्यावर बंदी. शेतातल्या जनावरांसाठी असे कायदे दाखवा, मग मी वाद घालायला तयार आहे. इथे त्याने समोरच्याच्या पोटातलं गृहीतक बाहेर काढून त्याच्याच हातात ठेवलं. हे भाषण मी आधीही वाचलं होतं आणि भारावून गेले होते. चौकट हातात आल्यावर ते बांधलंय कसं, हे दिसलं.

लिंकनचं 1854 च्या सुमाराचं एक छोटं टिपणही याच जातीचं. ‘अ’ने ‘ब’ला गुलाम करण्याचा हक्क सिद्ध केला, तर ‘ब’ने तोच युक्तिवाद उचलून ‘अ’ला गुलाम का करू नये? रंगावरून म्हणता? मग तुझ्यापेक्षा गोरा जो पहिला भेटेल त्याचा तू गुलाम. बुद्धीवरून? मग तुझ्याहून हुशार जो पहिला भेटेल त्याचा. वर्गात कुणाला युक्तिवाद म्हणजे काय हे पाच मिनिटांत दाखवायचं असेल, तर मी हेच टिपण देईन.

आता मार्क ट्वेनची कादंबरी ‘हकलबेरी फिन’. त्यात हक हा गोरा पोरगा मिस वॉटसनकडून पळालेल्या जिम या गुलामासोबत तराफ्यावरून नदीने जातो. एकतिसावं प्रकरण चौकटीत बसवून बघाच. दुसऱ्याची मालमत्ता पळवायला मदत करणं हे पाप. जिम ही मिस वॉटसनची मालमत्ता. पापी नरकात जातो. या विधानांवरून हकचा निष्कर्ष बिनचूक निघतो, तो जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्रही लिहितो. मग नदीवरचे दिवस आठवतात, आणि तो पत्र फाडतो: ठीक आहे, मग मी नरकात जाईन. विधानं खोटी आहेत हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, निष्कर्ष मान्य करूनच तो उलटं वागतो. युक्तिवादाचा आकार बरोबर असणं वेगळं आणि त्यातली विधानं खरी असणं वेगळं, हे पाठ्यपुस्तकात चार वेळा वाचूनही इतकं आत गेलं नव्हतं.

पुस्तक बोलीभाषेत आहे, डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. लिब्रिव्हॉक्सवरचं फुकट ध्वनिमुद्रण लावून मजकुरावर बोट ठेवत गेलात की सोपं जातं. काळ्या लोकांसाठीची एक अपमानकारक शिवी त्यात दोनशेहून अधिक वेळा येते. मनाची तयारी ठेवा, आणि गटात मोठ्याने वाचताना ती उच्चारायची का, हे आधी ठरवा.

चौकट कुठे कमी पडते तेही सांगते. मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ कादंबरीत कॅप्टन एहॅबला आपला पाय तोडणाऱ्या देवमाशाचा सूड घ्यायचा आहे. छत्तिसाव्या प्रकरणात जहाजावरचा त्याचा दुय्यम अधिकारी स्टारबक त्याला विचारतो, आपण देवमासे मारायला आलो की तुमचा सूड घ्यायला? या सुडाने तेलाची किती पिंपं मिळतील? मुक्या जनावरावर कसला सूड? तिन्ही मुद्दे पक्के. तरी जिंकतो एहॅबच, कारण त्याने डोलकाठीला सोन्याचं नाणं ठोकलंय, दारू फिरवलीय, आणि खलाशांचा आवाज त्याच्या बाजूला आहे. चौकट सांगते की स्टारबक बरोबर होता. तीस माणसं चुकीच्या बाजूला का गेली, हे ती सांगत नाही, ते मेलव्हिलकडूनच शिकावं लागतं. एमिली डिकिन्सनच्या कवितांना तर मी चौकट लावायचं सोडूनच दिलं. तिथे दोन ओळींमधलं अंतर हीच कविता असते.

ज्यांना कादंबरी फक्त गोष्टीसाठी वाचायची आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, पानागणिक थांबावं लागतं. वक्तृत्व, वादविवाद, कायदा किंवा पत्रकारितेकडे जाणाऱ्यांनी मात्र नक्की करावं. क्रम असा ठेवा: दोन्ही जाहीरनामे, लिंकनचं टिपण, डग्लस, मग हक, आणि मेलव्हिल अगदी शेवटी.

पुढच्या सत्रात मी याच पद्धतीने महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ वाचायला घेणार आहे. 1873 चं हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच अर्पण केलं आहे. शिवाय ते जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात लिहिलंय, म्हणजे धोंडीबाची प्रत्येक शंका जोतीरावांकडून एकेक गृहीतक उघडं करून घेते. कुणी सोबत वाचणार असेल तर जरूर कळवा.