पोकेमॉन डबल्समध्ये झोपवायला कोण घेऊ: अमूंगस, ब्रेलूम की व्हिनसॉर?

स्पोर (समोरच्याला झोपवणारा मूव्ह) १०० टक्के लागतो म्हणजे विषय संपला, असं आमच्या धरमपेठच्या ग्रुपमधले अर्धे पोट्टे म्हणून राहिले. मग डबल्समध्ये (दोघांविरुद्ध दोघे) समोरच्याला मस्त झोपवतात आणि पुढच्या टर्नला काय करायचं तेच ठरलेलं नसते. त्यामुळे तिघांपैकी एकच निवडायचा असेल तर अ‍ॅक्युरसी नंतर बघ, आधी हे बघ की फुकटात मिळालेला टर्न तुझी टीम कशी वापरणार आहे.

आणि त्याच्याही आधी फॉरमॅट. शोडाउन या ऑनलाइन बॅटलच्या साइटवर स्मोगॉन या फॅन-साइटचा नवव्या जनरेशनचा ओयू फॉरमॅट खेळत असशील तर इथेच थांब, तिथे २०२४ पासून स्पोर, हिप्नोसिस वगैरे झोपवणारे मूव्हच बंद आहेत, त्याआधी निदान एकाला झोपवायची परवानगी होती. ऑफिशियल डबल्समध्ये असा काही नियम नाही, वाटलं तर समोरचे दोन्ही झोपव. खाली जे लिहून राहिलो ते सगळं नवव्या जनरेशनच्या स्कार्लेट-व्हायोलेट गेमच्या डबल्सचं आहे.

झोपेचा हिशोब असा आहे की १ ते ३ टर्न. पहिला नक्की वाया जातो, दुसऱ्याला उठायचा चान्स तीनात एक, तिसऱ्याला अर्धा-अर्धा, चौथ्याला उठतोच, आणि ज्या टर्नला उठतो त्याच टर्नला अटॅकही मारतो. म्हणजे भरवशाचा टर्न फक्त एक, बाकी नशीब, मे महिन्यात भर दुपारी कूलरसमोर आडवा झालेला माणूस कधी उठेल याचा जितका भरवसा तितकाच. पहिल्या जनरेशनमध्ये ७ टर्नपर्यंत झोपायचे आणि उठलेला टर्नही वाया जायचा, तेव्हा नुसतं झोपवूनच मॅच निघायची, आता नाही निघत.

आता अमूंगस. बेस स्पीड ३०, म्हणजे जवळपास सगळे त्याच्या आधी मारून घेतात, आणि नवीन पोट्ट्यांना हेच खटकते. पण नीट बघ ना भाऊ. समोरच्याने आपला अटॅक मारला, टर्नच्या शेवटी शेवटी अमूंगसने स्पोर टाकला, तर त्याची झोप मोजायला सुरुवात होते पुढच्या टर्नपासून. म्हणजे तो भरवशाचा एक टर्न अख्खा तुझ्यासमोर पडलेला असतो आणि तुला तो आधीच माहीत असतो, पार्टनरने त्यात स्वॉर्ड्स डान्स लावून आपला अटॅक वाढवावा, ट्रिक रूम (स्लो असलेला आधी हलतो) लावावी, नाहीतर दोघांनी मिळून जागा असलेल्याला धुवून काढावं. फास्टवाला आधीच झोपवतो, तेव्हा भरवशाचा टर्न त्याच टर्नमध्ये खर्च होतो, आणि पुढच्याला तीनात एकची रिस्क चालू. वरून ट्रिक रूम लागली की हाच अमूंगस जवळपास सगळ्यांच्या आधी हलतो, म्हणजे दोन्हीकडून फायदा. रेज पावडरने पार्टनरवरचे अटॅक स्वतःवर घेतो, ११४ बेस एचपी (जीव) असल्याने लवकर मरत नाही, आणि रीजनरेटर ही क्षमता असेल तर बाहेर गेला की एक तृतीयांश एचपी परत. झोपवणं जमलं नाही तरी त्याच्याकडे करायला काम असते, माझ्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

ब्रेलूमचं वेगळं आहे, तो मुळात मारणारा आहे. अटॅक १३०, टेक्निशियन या क्षमतेमुळे माक पंच आणि बुलेट सीड दोन्ही दीडपट होतात. पण स्पीड ७०, एचपी ६०, आणि फ्लाइंगचा अटॅक चारपट लागतो. त्यामुळे बहुतेक वेळा फोकस सॅश (फुल एचपीवरून एका फटक्यात मरू न देणारा आयटम) द्यावा लागतो, आणि समोरच्या दोघांनी एकाच वेळी त्याच्यावर मारलं तर सॅशही कामाचा नाही. स्पोर टाकायची संधी एखादीच मिळते. तुला अटॅकरच हवा होता आणि झोप बोनस म्हणून चालेल, तर घे.

व्हिनसॉरला ऊन पाहिजे. बाजूला ड्राउटवाला (येताच ऊन पाडणारा) टॉर्कोल असला की क्लोरोफिलमुळे स्पीड डबल, मग भल्याभल्यांच्या आधी स्लीप पावडर. पण ती ७५ टक्केच लागते, चारात एकदा हुकणार, आणि हुकते ती नेमकी शेवटच्या गेमला (हे गणित नाही, अनुभव आहे). समोरून पेलिपर आला आणि पाऊस लागला की स्पीडही गेली. एक झोपवणारा घ्यायला दोन जागा द्याव्या लागतात, म्हणून सन टीम आधीच बनवली असेल तरच.

तिघांचं एक दुखणं सारखंच आहे, तिघेही पावडर टाकतात, आणि ग्रास टाइपला पावडर २०१३ च्या एक्स-वाय पासून लागतच नाही. त्यात आता टेरा (मॅचमध्येच टाइप बदलणं) आहे, कोणीही ऐन वेळी ग्रास होऊन बसतो. सेफ्टी गॉगल्सवाला (हा आयटम पावडर लागू देत नाही) इन्सिनरोर तर खूप दिसतो, आणि अमूंगसला तो जास्त नडतो कारण गॉगल्समुळे रेज पावडरही चालत नाही. बरं एवढंच की ऑफिशियल नियमात एकाच टीमवर तोच आयटम दोनदा देता येत नाही, म्हणून गॉगल्स दिसले की मॅचला उतरवलेल्या चारातले बाकीचे तीन मोकळे समज, ग्रास नसतील तर. इलेक्ट्रिक किंवा मिस्टी टेरेन (मैदानावरचा इफेक्ट) लागलेलं असेल तर जमिनीवरच्यांना झोपवताच येत नाही. गोल्डेंगोवर प्रयत्नच करू नको, त्याला स्टेटस मूव्ह (थेट न मारणारे, झोपवणारे वगैरे) लागत नाहीत.

गेंगारचा हिप्नोसिस ग्रासवर चालतो खरा, पण ६० टक्क्यांवर मॅच कायले लावायची. झोपवल्यावर पुढे काय करायचं याचं उत्तरच टीमकडे नसेल तर सरळ थंडर वेव्ह (पॅरलाइज करणारा मूव्ह) घे, ९० टक्के लागते, स्पीड अर्धी होते, चारात एकदा हलताही येत नाही, आणि आपोआप जात नाही. इलेक्ट्रिक आणि ग्राउंड टाइप तेवढे सुटतात.

नाहीतर अमूंगस. पहिल्यांदा टीम बनवणाऱ्याला मी दुसरं काही सांगणार नाही.

फक्त स्टोरी खेळून पोकेमॉन गोळा करायचे असतील तर मात्र उलटं, तिथे ब्रेलूमच. फॉल्स स्वाइपने १ एचपीवर आणायचं आणि स्पोर टाकायचा, झोपलेल्याला पकडायचा चान्स २.५ पट होतो, पॅरलाइज केलेल्याला १.५ पटच.