वेल्श आणि गेलिक: दोन ग्रंथपरिषदा

इंग्रजीच्या दाट सावलीत जगणाऱ्या दोन भाषांसाठी ब्रिटनमध्ये सात वर्षांच्या अंतराने दोन संस्था उभ्या राहिल्या. वेल्सची ग्रंथपरिषद १९६१ची, तर स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेची १९६८ची.

वेल्सची परिषद वाचनालयांच्या वर्तुळातून घडली. ग्रंथपाल आलिन आर. एडवर्ड्स यांचा त्यात मोठा वाटा होता. अबेरिस्टविथला मुख्यालय असलेली ही परिषद संपादन, मुखपृष्ठ, जाहिरात यांत प्रकाशकांना मदत करते, अनुदान वाटते आणि स्वतःच्या वितरण केंद्रातून दुकानांपर्यंत पुस्तकं पोचवते. मला तिचं खरं मोठेपण या गोदामात दिसतं. असं केंद्र नसेल तर चार-पाच माणसांच्या प्रकाशनसंस्थेला गावोगावच्या विक्रेत्यांशी स्वतंत्र हिशेब ठेवणं झेपत नाही आणि अनुदानावर छापलेलं पुस्तक खोक्यातच पडून राहतं. बालवाचकांकडेही परिषदेचं लक्ष आहे: उत्तम बालसाहित्यासाठीचे ‘तिर ना नोग’ पुरस्कार १९७६पासून दिले जातात.

गेलिक परिषदेचा जन्म ग्लासगो विद्यापीठाच्या केल्टिक (म्हणजे वेल्श, गेलिक ज्या कुळातल्या त्या भाषांच्या) विभागातला. लेखक-प्रकाशकांना अर्थसाहाय्य आणि ग्लासगोत स्वतःचं पुस्तकांचं दुकान, ही तिची ओळख.

दोघींना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं ठरेल. २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार वेल्शभाषक नोंदले गेले. २०११ला स्कॉटलंडमध्ये गेलिकभाषक होते जेमतेम ५७ हजार. एवढ्या वाचकांसाठी वेल्ससारखी वितरणव्यवस्था उभारणं अवघडच. गेलिकसाठी आधी नवं लिहून घेण्यावर पैसा लावणं मला योग्य वाटतं.