टेबलावर कारचे स्पीकर की कॉम्प्युटरचे?

कारचे साडेसहा इंची कोॲक्सियल (जाड आणि बारीक आवाजाचे भाग एकातच असलेले) स्पीकर कॉम्प्युटरच्या संचाइतक्याच किमतीत मिळतात, पण खर्च तिथे थांबत नाही. हेड युनिट (कारचा म्युझिक प्लेअर) किंवा अँप्लिफायर, 12 व्होल्ट 10 अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) आणि खोकी वेगळी घ्यावी लागतात. कॉम्प्युटरच्या 2.1 संचात (दोन छोटे स्पीकर, म्हणजे सॅटेलाइट, आणि एक सबवूफर) हे सगळं आलेलं असतं.

खोक्याशिवाय कारचा स्पीकर वाजवला, तर मागची आवाजलहर पुढचीला मारते आणि बास गायब होतो. 18 मिमी एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं), 10 ते 15 लिटरचं बंद खोकं करा, सांधे सिलिकॉनने भरा. मग मात्र गाण्यातला मधला पट्टा इतका भरीव येतो, की अडीच-तीन इंची सॅटेलाइट त्यापुढे चिरके वाटतात.

हेड युनिटची पिवळी आणि लाल वायर एकत्र करून एसएमपीएसच्या अधिकला, काळी उणेला. स्पीकरची उणे वायर काळीला कधीच जोडू नका. आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो; तसं जोडलं तर आतली अँप्लिफायरची आयसी (चिप) जळते. हेड युनिटच्या डब्यावरचे ‘50 वॅट गुणिले 4’ ही जाहिरात; 12 व्होल्टवर, 4 ओहमला, दर चॅनेलमागे 15 वॅटच्या आसपास स्वच्छ आवाज धरा. घरात तेवढा पुष्कळ.

नुसत्या मीटिंग आणि बातम्यांसाठी? तयार संच घ्या.