स्नीकी पीट: जुगारी रस्त्यावरची साधी क्यू आज घ्यावी का?

स्नीकी पीट ही पूलची, म्हणजे खिसे असलेल्या टेबलावर चेंडू मारायच्या खेळाची, क्यू (फटका मारायची काठी). लांबून पाहिलं तर ती पार्लरच्या स्टँडला लावलेल्या दहा क्यूंपैकीच एक वाटते. तिला रिंगा नसतात, शिंपल्याची नक्षी नसते, मुठीवर दोरा गुंडाळलेला नसतो. फिकट मेपल आणि त्यात खालून वर घुसलेली गडद लाकडाची चार टोकं, एवढाच तिचा थाट. मधोमध नख फिरवलं की मात्र केसाएवढी रेघ हाताला लागते आणि तिथून ती पिळून दोन तुकड्यांत उघडते. हे सगळं रूप एकाच कामासाठी घडवलेलं आहे: समोरच्याला खेळाडू ओळखता येऊ नये.

अमेरिकेत पैसे लावून पूल खेळणारे लोक गावोगाव फिरायचे (यालाच 'रस्ता' म्हणत) त्या काळातली ही गोष्ट. केसमधून दोन तुकड्यांची क्यू काढून जोडणारा माणूस दिसला की हॉलमधले सगळे सावध होत. कोणी पैज लावत नसे, लावली तर आधी मोठी सूट मागत असे. म्हणून पार्लरच्या क्यूसारखीच दिसणारी, पण स्वतःच्या हाताच्या वजनाची आणि स्वतःच्या टिपची (टोकावरच्या चामडी तुकड्याची) क्यू लागायची. ब्रन्सविक कंपनीच्या जुन्या 'टायटलिस्ट' हाउस क्यूचं (पार्लरमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेल्या क्यूचं) लाकूड इतकं चांगलं होतं की शिकागोचा हर्मन रॅम्बो आणि ब्रुकलिनचा जॉर्ज बालाबुश्का यांच्यासारखे कारागीर तेच घेऊन दोन तुकड्यांच्या क्यू बनवत. स्नीकी पीट याच परंपरेतली, फक्त सजावट मुद्दाम टाळलेली.

त्या रस्त्यावरची माणसं किती तयारीची होती ते लक्षात घेतलं तर या क्यूची किंमत कळते. दुसऱ्या महायुद्धात व्हर्जिनियातलं नॉरफोक हे नौदलाचं शहर पैजांचं मोठं ठिकाण होतं. तटरक्षक दलात असलेला लुथर लॅसिटर तिथेच नावारूपाला आला आणि पुढे स्ट्रेट पूलचा (कोणताही चेंडू कोणत्याही क्रमाने घालायच्या प्रकाराचा) जगज्जेता बनला. 1961 पासून इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात जान्स्को बंधूंनी दरवर्षी स्पर्धा भरवली. दिवसा स्पर्धा चाले आणि रात्रभर बाजूच्या टेबलांवर पैजा. 1972 मध्ये सरकारी छाप्यानंतर ते पर्व संपलं.

पैज लावण्याचीही एक रीत होती. नाइन-बॉलमध्ये 1 ते 9 चेंडू असतात. पांढऱ्याने (क्यूने मारायच्या चेंडूने) नेहमी टेबलावरचा सर्वांत लहान आकडा आधी मारायचा आणि 9 घालणारा जिंकतो. दुबळ्या खेळाडूला 'आठ दिला' म्हणजे त्याने नियमात 8 घातला तरी तो जिंकला. त्याहून दुबळ्याला सात आणि आठ दोन्ही. मोठ्या पैजेत 'दहाने पुढे' खेळत: कोणीतरी दहा रॅकनी (डावांनी) आघाडीवर जाईपर्यंत खेळ थांबत नाही, मग रात्र उलटो की दुसरा दिवस. अशा लांब खेळात खरी पारख सौदा ठरवण्यातच व्हायची. स्वतःचा हात किती दाखवायचा आणि किती राखून ठेवायचा, हे जमलं नाही तर उत्तम खेळाडूही रिकाम्या खिशाने परते.

या परंपरेतला सर्वांत लाडका खेळाडू अमेरिकन नव्हता. एफ्रेन रेयेसचा जन्म 1954 मध्ये फिलिपिन्सच्या पाम्पांगा प्रांतात झाला. पाच वर्षांचा असताना तो मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये आला. टेबलापर्यंत हात पोहोचत नव्हता म्हणून शीतपेयांच्या क्रेटवर उभा राहून खेळायला शिकला आणि रात्री टेबलावरच झोपला. हॉलमध्ये एफ्रेन नावाचा आणखी एक मोठा खेळाडू होता, म्हणून याला सगळे 'बाता', म्हणजे पोरगा, म्हणू लागले. 1985 मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनला गेला तेव्हा त्याची कीर्ती आधीच तिथे पोहोचलेली होती. त्यामुळे रेड्स नावाच्या हॉलमध्ये तो 'सेझार मोरालेस' या नावाने खेळला आणि तिथली नाइन-बॉल स्पर्धा जिंकून गेला. स्नीकी पीट जसा आपला सांधा लपवते, तसं त्याने नाव लपवलं होतं.

रेयेसच्या खेळातली जादू, म्हणजे कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) पांढरा आणून आडोशामागचा चेंडू मारण्याची हातोटी, आली कुठून याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फिलिपिन्समध्ये रोटेशन खेळलं जायचं: पंधराही चेंडू टेबलावर, आकड्यांच्या क्रमाने मारायचे, एकूण 120 गुण, 61 मिळवणारा जिंकतो. इतक्या गर्दीत लहान आकडा सतत कोणाच्या तरी मागे लपलेला असतो. शिवाय त्याने लहानपणी खिसे नसलेल्या टेबलावरचा कॅरम बिलियर्ड्सही खेळला होता, ज्यात सगळा हिशेब कुशनचाच. अमेरिकेच्या रस्त्यावर मात्र जुन्या नियमांनुसार, समोर आडोसा आलेला खेळाडू पांढरा सोयीच्या जागी ढकलून देऊ शकत असे, त्यामुळे कुशनचे कठीण फटके घोटायची गरजच कमी पडे. 'टेक्सास एक्स्प्रेस' नियम रूढ झाले, फाउल केला की समोरच्याला पांढरा हातात मिळू लागला, आणि रेयेसचं बालपणीचं शिक्षण सोन्याच्या मोलाचं ठरलं. 1995 मध्ये रेनोतल्या सँड्स रिजन्सीच्या अंतिम सामन्यात अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध 12-12 अशी बरोबरी असताना त्याला 5 नंबर सरळ दिसत नव्हता. पांढरा दोन कुशन घेऊन 'झेड'सारखा वळत आला, 5 खिशात गेला आणि 6 साठी जागाही मिळाली. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये याच स्ट्रिकलंडशी तीन दिवस, 120 रॅकपर्यंत, विजेत्याला 1 लाख डॉलर असा सामना झाला. एका टप्प्यावर रेयेस 17 रॅकनी मागे होता, शेवटी 120-117 ने जिंकला.

असे फटके हाताला काय जाणवतं यावर उभे असतात, आणि स्नीकी पीटची खरी ताकद तिथेच आहे. धातूची कॉलर असलेल्या जॉइंटमध्ये (दोन तुकड्यांच्या सांध्यात) फटका थोडा कडक आणि टोकदार लागतो. स्नीकी पीटमध्ये लाकडाचा सपाट तोंडवळा लाकडाला थेट टेकतो. चेंडू जाडसर (मधोमध) लागला की पातळ (कडेने), टिप मध्यावर बसली की अर्ध्या मिलिमीटरने सरकली, हे मुठीपर्यंत येतं. शिकणाऱ्याला याहून चांगला शिक्षक नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता खरेदीकडे. लांबी 58 इंच, दोन्ही तुकडे, मुठीकडचं बट आणि टिपकडचा शाफ्ट, 29 इंचांचे. वजन 18 ते 21 औंसांत मिळतं, बहुतेकांना 19 औंस (सुमारे 540 ग्रॅम) बरं पडतं. वजन नंतरही बदलता येतं: बटाच्या टोकाचा रबरी बंपर काढला की आत बोल्ट असतो, तो बदलून एक औंसापर्यंत फरक करता येतो. टिपजवळ जाडी 12.75 ते 13 मिमी. जॉइंटचा पिन (तुकडे जोडणारा आट्यांचा स्क्रू) शक्यतो 3/8-10, म्हणजे 3/8 इंच जाड आणि इंचाला 10 आटे. या प्रकारात शाफ्टच्या लाकडातच आटे पाडलेले असतात, म्हणून स्पर्श जास्त थेट येतो. अमेरिकेत कारखान्यात बनलेली साधी स्नीकी पीट साधारण 100 ते 300 डॉलरच्या दरम्यान येते. विस्कॉन्सिनच्या राइस लेकमधली श्मेल्के ही जुनी कंपनी याच प्रकारासाठी ओळखली जाते.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती टोकांमध्ये. अस्सल क्यूत बट 'फुल स्प्लाइस' असतं: खालच्या गडद लाकडाच्या लांब पाचरी वरच्या मेपलच्या खाचांत बसवून चिकटवलेल्या असतात, आणि मेपलच्याही पाचरी तशाच खाली उतरतात. एवढ्या लांब चिकटलेल्या सांध्यामुळे बट एकजीव वाजतं. 'हाफ स्प्लाइस' असेल तर टोकांच्या खाली, मुठीच्या वर, लाकूड बदलताना गोल सरळ रेघ दिसते. तिथे आत वेगळा सांधा असतो. तीही चांगली असू शकते, पण फुल स्प्लाइसच्या भावात घेऊ नये. तिसरा प्रकार छापील टोकांचा. क्यू खिडकीच्या उजेडात तिरपी धरून फिरवा. खऱ्या गडद लाकडात तंतू आणि बारीक छिद्रं दिसतात आणि प्रत्येक टोकात ती वेगळी असतात. छापील टोकांत एकच नक्षी चारही वेळा दिसते किंवा तंतूच दिसत नाहीत.

सरळपणाची तपासणी दुकानातच करावी. क्यू जोडून टेबलाच्या स्लेटवर सावकाश गडगडवा आणि नजर टिपकडे नाही, शाफ्टच्या खालच्या उजेडाच्या फटीकडे ठेवा. क्यू निमुळती असल्यामुळे फट असणारच. फिरताना ती उघडमीट करते का, ते पाहायचं. करत असेल तर दोन्ही तुकडे वेगळे गडगडवा. दोन्ही सरळ आणि जोडल्यावर वाकडं, तर दोष जॉइंटच्या तोंडवळ्यात आहे. तो कारागिराला लेथवर दुरुस्त करता येतो. शाफ्टच वाकडा असेल तर घेऊ नका. मग बटाच्या टोकाला धरून क्यू उभी ठेवा आणि मुठीने हलकेच ठोका. झिणझिण आवाज आला तर वजनाचा बोल्ट ढिला आहे, बंपर काढून घट्ट केला की जातो. पण फेरूलमधून (टिपखालच्या टोपणातून) किंवा जॉइंटमधून करकर आली तर तिथला चिकटवा सुटलेला असण्याची शक्यता जास्त.

या क्यूचा खरा तोटा दमटपणात आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि लाकडी आटे घट्ट होतात. अशा वेळी जोर लावला तर आटे चिरडतात किंवा शाफ्टचं तोंड उकलतं. पिन आधी उलटा, डावीकडे, हळूच फिरवावा. आटे एकमेकांत उतरल्याची 'टक' जाणवली की उजवीकडे पिळावं. कोरड्या मेणबत्तीचं मेण पिनवर नखाएवढं पुरतं. तेल अजिबात नको, लाकूड ते पितं. क्यू भिंतीला तिरपी टेकवून ठेवू नये, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. तुकडे वेगळे करून केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. शाफ्ट ओल्या फडक्याने पुसला तर लगेच कोरड्या चामड्याने जोरात घासून उष्णता आणावी. रोजच्या सफाईसाठी पॉलिश पेपर वापरणाऱ्यांचा 13 मिमीचा शाफ्ट वर्षभरात बारीक होतो, आणि मग क्यूला दोष दिला जातो.

टिपचा विषय वेगळा. कारखान्यातून बहुधा साधी टिप येते, ती बदलायची तयारी ठेवा. मध्यम कडक, थरांची चामडी टिप घ्यावी. जुनी टिप ब्लेडने काढा. सपाट लाकडी ठोकळ्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून फेरूलचं तोंड आणि नव्या टिपची खालची बाजू समपातळीत घासा. जेलसारखा सुपरग्लू एकच थेंब, मध्यावर. पातळ सुपरग्लू चामड्यात मुरतो आणि टिप दगडासारखी होते. दाबून धरा, रात्रभर सुकू द्या. बाहेरचा भाग फेरूलच्या रेषेत कापा, बाजू ओली करून चामड्याने चमकवा. वरचा घुमट अमेरिकेच्या निकेल (5 सेंट) नाण्याच्या गोलाईचा ठेवतात. आपल्याकडचं 2011 च्या मालिकेतलं 1 रुपयाचं नाणं 21.93 मिमी व्यासाचं आहे, निकेल 21.21 मिमीचं, म्हणून तेच नाणं टिपला टेकवून गोलाई तपासता येते. टिप गुळगुळीत चकाकायला लागली की चॉक धरत नाही आणि फटका सटकतो. खेळाआधी दोन-तीन वेळा खरवडणं पुरेसं.

एक मर्यादा मान्य करावी लागते. भरीव मेपलच्या शाफ्टचं टोक जड असतं, त्यामुळे पांढऱ्याला उजवी फिरकी दिली की तो थोडा डावीकडे निघतो. हलक्या टोकाचे नवे शाफ्ट हे बरंच कमी करतात. सवय करायला वेळ नसेल तर तसा शाफ्ट वेगळा घेऊन याच बटाला लावता येतो, फक्त पिनचं माप तेच हवं. ब्रेकसाठी (डाव सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी) मात्र ही क्यू वापरू नका. जोराच्या फटक्याने टिप दबते आणि फेरूलवर ताण येतो. पार्लरमधली 20-21 औंसांची साधी क्यू त्या कामाला ठीक.

आपल्याकडे क्यूचा खेळ बिलियर्ड्स-स्नूकरच्या वाटेने आला. पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स 1958 आणि 1964 मध्ये हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, आणि आजही पार्लरमध्ये बरेच जण स्नूकरची 9.5 मिमी टिपची क्यू घेऊन अमेरिकन पूल खेळतात. स्नूकरचा चेंडू 52.5 मिमी, पूलचा 57.15 मिमी आणि बराच जड. बारीक टिप त्या भाराने पसरते, पितळी फेरूल ढिली होते. आठवड्यातून दोनदा पूल खेळणाऱ्याने स्नीकी पीट घ्यावी. स्नूकर हा मुख्य खेळ असेल तर घेऊ नये: हात दोन जाड्यांमध्ये गोंधळतो, विशेषतः ब्रिजच्या, म्हणजे क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांची पकड.

आज तिला ओळखणारे सगळीकडे आहेत, त्यामुळे लपण्यासाठी कोणी ती घेत नाही. घेताना आधी फट पाहा, मग तंतू, मग पिनचं माप विचारा, आणि शाफ्ट दुसरा मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.