ट्रॅव्हलरमधला कायमचा मुक्काम, आठ महिन्यांनंतर: विमा आणि पत्त्याचा अनुभव

गाडी फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन (आत राहायची सोय असलेली गाडी), २,५९६ सीसी डिझेल, नोंदणी एमएच २४ म्हणजे लातूरची. वापर मार्च ते ऑक्टोबर, सलग मुक्काम, बहुतेक मराठवाड्यात. म्हणजे गारपीट, मे महिन्याचं ऊन आणि सप्टेंबरचे पूर असं सगळं या काळात येऊन गेलं. पलंग, ओटा, फ्रिज यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त कागदांबद्दल, कारण गाडी कुठेही दुरुस्त होते, कागद होत नाहीत.

निष्कर्ष आधीच सांगतो. विमा कंपनीच्या लेखी ही गाडी म्हणजे एक वाहन आहे, आणि आधारला ती पत्ता म्हणून चालत नाही. त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या लागतात: आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडीचा खरा प्रकार आणि जमिनीवरचा एक खरा पत्ता. बाकीचा सगळा कारभार या दोन खुंट्यांना बांधलेला आहे. यातला एक जरी उपटला तरी क्लेमच्या वेळी गाठ सुटते.

आरसीपासून सुरुवात. कॅराव्हॅन दोन वाटांनी तयार होते. पहिली वाट म्हणजे एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे मान्यता घेतलेली आणि थेट मोटर कॅराव्हॅन म्हणूनच नोंदवलेली गाडी. दुसऱ्या वाटेत प्रवासी ट्रॅव्हलर घेऊन सीटा काढतात आणि आत पलंग-ओटा बसवतात. दुसरी स्वस्त पडते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते आणि बदलानंतर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमतीही घ्यावी. नियम मोडून बदल केला तर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठं नुकसान क्लेममध्ये होतं. आरसीवर तेरा सीटा आणि प्रत्यक्षात दोन सीटा व एक पलंग असला, तर सर्व्हेअरच्या (नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या) अहवालात पहिली ओळ तीच येते.

क्लेमच्या वेळी वजनही तपासलं जातं. टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. बॅटऱ्या, एसी, प्लायवूड धरून गाडी पूर्ण भरल्यावर मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर एकदा घालावी, पावती फाइलला लावावी आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहावी. हे काम शंभर-दोनशे रुपयांत होतं आणि बहुतेक जण करत नाहीत.

एवढ्या गाडीला वेगळं लायसन्स लागेल ही भीती मात्र निराधार आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालानंतर या वजनापर्यंतच्या ट्रान्सपोर्ट (धंद्याच्या) गाड्यांबद्दलचाही वाद मिटला आहे.

आता पॉलिसी. कंपन्यांच्या संगणकातल्या मॉडेलच्या यादीत कॅराव्हॅन सहसा सापडत नाही. मग एजंट जवळचं काहीतरी निवडतो: कधी मिनीबस, कधी प्रायव्हेट कार, कधी मिसलेनियस (इतर). इथे घाई करू नये. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्ट वर्गात नोंदवता येते. पॉलिसीवरचा वर्ग आणि आरसीवरचा वर्ग अक्षरशः एकच हवा. प्रायव्हेट कार म्हणून घेतली तर १,५०० सीसीच्या वर थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) वार्षिक हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, तो २४,५९६ रुपये. लातूर, नांदेड, परभणी, बीड हे सगळे विम्याच्या दरांसाठी पाडलेल्या झोन बी मध्ये येतात, त्यामुळे ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) दर पुण्या-मुंबईच्या पत्त्यापेक्षा किंचित कमी बसतो. या किंचितपायी पत्ता खोटा देऊ नये, तसंच पुण्यात राहणाऱ्याने गावचा पत्ता लावून हप्ता वाचवायलाही जाऊ नये.

खरं पाणी मुरतं ते आयडीव्हीत. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ किमतीवरून ठरते आणि वयाप्रमाणे घटते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, पुढे ३०, ४०, ५०. आत बसवलेलं सामान त्यात आपोआप येत नाही. विजेची उपकरणं आयएमटी-२४ या एंडोर्समेंटखाली (पॉलिसीला जोडायच्या पुरवणीखाली) वेगळी किंमत लिहून घ्यावी लागतात. टॅरिफमधला दर किमतीच्या ४ टक्के. समजा सोलर पॅनल, एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर), लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, १२ व्होल्टचा फ्रिज मिळून दोन लाखांचे झाले, तर ८,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. पलंग, कपाटं, पाण्याची टाकी, बाहेरचं छप्पर ही बिगरविजेची यादी वेगळी. प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल, सीरियल नंबर आणि बसवलेल्या जागेचा फोटो जोडावा. सुतार आणि वेल्डर कच्च्या चिठ्ठीवर हिशोब देतात. ती चिठ्ठी क्लेममध्ये शून्य किमतीची आहे. एका कंपनीने तर यादी घेतली, हप्ताही घेतला आणि पॉलिसीच्या कागदावर रकान्यात शून्य छापलं. म्हणून पॉलिसी हातात आली की आधी तो रकाना पाहावा आणि चूक असेल तर त्याच दिवशी ईमेल करावा.

मराठवाड्यात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गारा पडतात आणि छतावरची पॅनलं उघड्यावर असतात. गारपीट पॉलिसीत येते, वीज पडणंही येतं, पण यादीत नसलेल्या पॅनलला छदामही मिळत नाही. कॅराव्हॅनच्या भिंती बहुधा फायबरग्लासच्या असतात आणि फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के. भिंतीचं बिल एक लाख आलं तर ३०,००० खिशातून, वर २,००० ची सक्तीची कपात. झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर) मिळत असेल तर घ्यावाच, मात्र बदल केलेल्या गाडीला तो सगळे देत नाहीत.

पुराबद्दल नीट समजून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे जे झालं ते पाहिल्यावर ओढ्याकाठी मुक्काम टाकायचा नाही, हा पहिला नियम. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं नुकसान पॉलिसी भरून देते. पण इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी त्याला अपघात न म्हणता नंतर ओढवून घेतलेलं नुकसान म्हणून नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं असतं. ते असलं तरी चावी फिरवू नये. निगेटिव्ह तार काढावी, फोटो काढावेत आणि टोइंग बोलवावं. टोइंगच्या कव्हरमध्ये किती किलोमीटर आणि किती वजनाची गाडी, हे वाचून ठेवावं. साध्या कारचा टो ट्रक ट्रॅव्हलरला उपयोगाचा नाही.

वायरिंगची आग कव्हर होते, उपकरण आतून जळालं तर होत नाही. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १७५ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्यासाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून फ्यूज आणि ७० चौरस मिलिमीटरची आखूड केबल हवी. पातळ केबल तापते, इन्सुलेशन वितळतं, आणि आत सगळं प्लायवूड. गॅससाठी घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत ठेवू नये. ५ किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. फिरत्या माणसासाठी ही एवढी एकच सोय अशी आहे जी पत्ता विचारत नाही. शेगडी बसवली आहे हे प्रपोजल फॉर्ममध्ये (विम्याच्या अर्जात) लिहा.

आणि हेही लिहा: गाडीत वर्षातले बहुतेक दिवस मुक्काम असेल, रात्री ती ठरावीक एका जागी उभी नसेल. एजंट म्हणतो, कशाला सांगता. लपवलेली माहिती हे क्लेम नाकारायचं सगळ्यांत सोपं कारण आहे, म्हणून सांगायचं. कंपनीची पोच ईमेलवर घ्यायची. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देता येत नाही. औंढा नागनाथ किंवा तुळजापूरला जाणाऱ्या ओळखीच्यांना पैसे घेऊन नेलं तरी तो भाड्याचाच वापर. आतले कपडे, लॅपटॉप, दागिने मोटार पॉलिसीत नाहीत. वैयक्तिक सामानाचं ॲड-ऑन मिळतं, पण त्याची मर्यादा छोटी असते आणि रोख रक्कम व सोनं सहसा वगळलेलं असतं.

पत्ता. गावात आई-वडिलांचं घर असेल तर प्रश्न अर्धा सुटतो: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, लाइट बिल. घर वडिलांच्या नावावर असेल तर आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलता येतो. नात्याचा पुरावा द्यावा लागतो आणि प्रमुखाने ३० दिवसांत ऑनलाइन संमती द्यावी लागते. म्हाताऱ्या माणसांचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर चालू आहे का, हे आधी बघा. बहुतेक अर्ज तिथेच पडतात. गावात कुणी नसेल तर एक खोली लीव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरारावर) घ्या. करार नोंदवलेलाच हवा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. अकरा महिन्यांनी करार संपला की पत्त्याचा पुरावाही संपतो, म्हणून नूतनीकरण पॉलिसीच्या तारखेआधी ठेवा.

मतदार यादीचा नियम लोकांना माहीत नसतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. पण तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. परतणं-येणं असलेल्या गावी नाव ठेवा, दोन ठिकाणी नको. खोटं निवेदन गुन्हा आहे. बँकेत आधार ई-केवायसी केलं आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर स्वतःचं निवेदन चालतं.

आपल्याकडे अजून एक गुंता आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण आरसीवर जुनं नाव, आधारवर नवं, आणि कंपनीच्या यादीत तिसरंच स्पेलिंग. एमएच २० आणि एमएच २५ हे त्यांचे नोंदणी क्रमांक बदललेले नाहीत. पिनकोड सगळीकडे तोच ठेवा आणि नावातला फरक पॉलिसी घेतानाच दाखवून द्या.

आरसीवरचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, फॉर्म ३३. गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथली नोंदणी लागते. फास्टॅगचा तपशील डाउनलोड करून ठेवला तर ती कुठे कधी होती हे दाखवता येतं. आरोग्य विम्यात काही कंपन्या पत्त्यावरून झोन ठरवतात. गावच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण पुण्या-मुंबईत दाखल झालं तर ठरावीक टक्के स्वतः भरावे लागू शकतात. ती अट घेण्याआधी वाचा.

नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढतो आणि पॉलिसी संपून ९० दिवस गेले की शून्यावर येतो. नूतनीकरणाची पत्रं, नवी स्मार्ट कार्ड आरसी, सगळं स्पीड पोस्टाने त्या एका पत्त्यावर येतं आणि घरी कुणी नसेल तर परत जातं. त्यासाठी शेजारच्या एका विश्वासू माणसाचा नंबर पोस्टमनकडे देऊन ठेवलेला आहे. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.